ताई, जुन्या कर्नलची बाजू मांडल्याबद्दल थँक्यू

ताई,

तुमचं नाव कुठेही टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी टाकून हे काही भागणार नव्हतं, म्हणून चारचौघांत लिहितोय, आणि फाइलसिस्टिमच्या (डिस्कवर फायली कशा मांडायच्या ते ठरवणाऱ्या) कोडमधे डोकं घालणारी अजून काही पोरं वाचतील तर बरंच आहे.

तुम्हाला पहिला फोन केला तेव्हा आमच्याकडे नुसता गोंधळ चालला होता. कस्टमरची ईएक्सटी४ ची (लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमची) डिस्क मस्त माउंट होतेय, म्हणजे वापरायला जोडली जातेय, फायली दिसतायत, पण रेस्क्यू इमेजमधला (अडचणीत बूट करायच्या डिस्कमधला) एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, म्हणतोय 'फीचर सी१२' मला माहीत नाही, मी हात लावणार नाही. कोणी म्हणे डिस्क गेली, कोणी म्हणे बॅकअप घ्या आणि फॉरमॅट मारा. तुम्ही फोनवरच म्हणालात, अरे सी म्हणजे कॉम्पॅट, बारा म्हणजे शून्यापासून मोजत बारावा बिट, म्हणजे ऑर्फन फाइल (उडवलेल्या पण जागा अजून मोकळी न झालेल्या फायलींची नोंद), डिस्क ठणठणीत आहे, तुमचा एफएससीके जुना आहे. झालं. फेब्रुवारी २०२३ मधल्या ई२एफएसप्रोग्ज (ही फाइलसिस्टिम बनवायची-तपासायची हत्यारं) १.४७.० पासून नवीन फाइलसिस्टिम बनवताना हे फीचर आपोआप चालू व्हायला लागलं आणि आमची रेस्क्यू इमेज त्याच्या आधीची, एवढंच कारण.

पण थँक्यू त्यासाठी नाही, ते शोधून कधीतरी सापडलं असतं. मी विचारलं की मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जुना असूनही माउंट कसा करतो, आणि तुम्ही फोन ठेवायच्या ऐवजी सुपरब्लॉकच, म्हणजे फाइलसिस्टिमची मुख्य माहिती असलेला भाग, उघडायला लावलात. पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक, त्यात ९२ व्या बाइटपासून ३२-३२ बिटांचे तीन शब्द शेजारी शेजारी, कॉम्पॅट, इनकॉम्पॅट आणि आरओ-कॉम्पॅट. अनोळखी बिट कॉम्पॅटमधे दिसला तर या बसा, आरओ-कॉम्पॅटमधे दिसला तर बघा पण हात लावू नका, इनकॉम्पॅटमधे दिसला तर दाराबाहेरच थांबा, हे तुमचेच शब्द. आणि एफएससीके मात्र तिन्हींतला कुठलाही अनोळखी बिट दिसला की मागे सरतो, कारण जे आपल्याला कळत नाही ते तो 'दुरुस्त' करायला गेला तर वाटच लागेल. मेटाडेटा चेकसम (फाइलसिस्टिमच्या नोंदी बिघडल्या का ते पकडणारा आकडा) आरओ-कॉम्पॅटमधे का, हे मग मला न विचारताच कळलं, जुन्या कर्नलने वाचलं तर काही बिघडत नाही पण लिहिलं की चेकसम शिळा झाला.

नंतर आमच्या पॅचवर (कोडमधल्या आमच्या बदलावर) तुम्ही जो वेळ दिलात तो खरा मोठा. आमच्या बॉक्समधे मोठ्या फायली कापल्या की त्यांची जागा बॅकग्राउंडला हळूहळू मोकळी करायची होती, आणि ती कामांची यादी डिस्कवर ठेवायची. टीममधे दोन तट, एक म्हणे सरळ इनकॉम्पॅट बिट लावा, सेफ आहे, दुसरा म्हणे मग अपग्रेड फसलं तर कस्टमरने जुन्या व्हर्जनवर परत कसं जायचं. तुम्ही दोघांचंही ऐकून एकच प्रश्न टाकलात, 'नव्या कर्नलवर चालतं ते ठीक, पण जुन्या कर्नलला ही डिस्क लावली तर तो काय करेल ते सांगा, त्याला तुम्ही आता काही शिकवू शकत नाही.' त्या प्रश्नाने मीटिंग दोन तास लांबली आणि मला वाटतं आमच्या टीमची ती सगळ्यात कामाची मीटिंग होती.

उत्तर तसं जुनंच निघालं. २००१ मधे ईएक्सटी३, म्हणजे ईएक्सटी४ च्या आधीची पिढी, कर्नलमधे आली तेव्हा जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) आहे हा बिट कॉम्पॅटमधे, पण जर्नल रिप्ले व्हायचा (टिपलेले बदल परत लागू व्हायचे) बाकी आहे हा बिट इनकॉम्पॅटमधे, म्हणून नीट अनमाउंट केलेली ईएक्सटी३ ची डिस्क ईएक्सटी२ म्हणून बिनधास्त लागायची आणि क्रॅश झालेली लागायची नाही. ऑर्फन फाइलचंही तेच, कर्नल ५.१५ मधे आली, फाइल आहे हा कॉम्पॅट बिट आणि तिच्यात काही असू शकतं हा वेगळा आरओ-कॉम्पॅट बिट. आम्हीही तसेच दोन केले. यादी रिकामी असेल तर जुना कर्नल खुशाल वापरू दे, भरलेली असेल तर फक्त वाचू दे, कारण लिहू दिलं तर तो तीच फाइल उडवेल, तोच इनोड नंबर (फाइलची ओळख असलेला आकडा) दुसऱ्या फाइलला देईल, आणि पुढे नवा कर्नल आला की जुनी यादी बघून त्या बिचाऱ्या नव्या फाइलवर कात्री चालवेल. यादीत इनोड नंबरच्या शेजारी जनरेशन नंबरही (इनोड नंबर परत वापरला की बदलणारा) लिहा हे तुम्ही जाता जाता म्हणालात, ते तर सोनं आहे.

आणि फ्लॅग, म्हणजे यादीत काही असू शकतं हा बिट, कधी लिहायचा ते. आम्हाला वाटत होतं यादीची पहिली एंट्री आणि फ्लॅग एकाच ट्रान्झॅक्शनमधे टाकले की विषय संपला, दोन्ही जातील नाहीतर एकही नाही. तुम्ही माउंटचा कोड वरून खाली वाचायला लावलात आणि म्हणालात बघा, फीचरचे बिट आधी तपासले जातात, जर्नल रिप्ले नंतर होतो, म्हणजे लाइट गेली तेव्हा फ्लॅग अजून जर्नलमधेच असेल तर जुना कर्नल आधी साफ सुपरब्लॉक बघून हो म्हणेल आणि मग रिप्लेमधून यादी त्याच्या गळ्यात पडेल. म्हणून रीड-राइट माउंट होतानाच फ्लॅग थेट सुपरब्लॉकवर, आणि काढायचा तो यादी रिकामी झाल्यावर, अनमाउंटला. असल्या गोष्टी कुठल्याही कोर्समधे कोणी सांगत नाही हो.

त्या दिवशी स्क्रीन शेअर करून मोठ्या डिरेक्टरीचा इंडेक्स ब्लॉक उघडून दाखवलात ते मी अजून नव्या पोरांना दाखवतो. पहिले आठ बाइट, चार शून्य, मग ०० १० (हेक्समधे, खालचा बाइट आधी), मग परत दोन शून्य. नव्या कर्नलला माहितीये की यापुढे हॅशचं (नावावरून काढलेल्या आकड्यांचं) झाड आहे, पण जुन्याला दिसतं काय तर इनोड शून्य आणि लांबी ४०९६, म्हणजे अख्खा ब्लॉक व्यापणारी एक रिकामी एंट्री, तो ओलांडून पुढे जातो. आणि ईएक्सटी२ ने त्या डिरेक्टरीत काही लिहिलंच तर तो इंडेक्सचा फ्लॅग पुसून टाकतो, मग नवा कर्नल गुपचूप सरळ रेषेत शोधतो. चेकसम आले तेव्हा डिरेक्टरी ब्लॉकच्या शेवटी पुन्हा तोच वेश, १२ बाइटची खोटी एंट्री. ज्यांनी हे सुचवलं त्यांना साष्टांग.

ती हॅशची गोष्ट तर मी मराठीत फायलींची नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. सी भाषेतला नुसता कॅर (एका बाइटचा प्रकार) इंटेलवर साइन्ड (ऋण आकडेही धरणारा), एआरएमवर अनसाइन्ड, त्यामुळे एकाच नावाचा हॅश दोन मशीनवर वेगळा, पण तो फक्त नावात १२७ च्या वरचा बाइट असेल तर. इंग्रजी नावांना काही होत नाही, आणि आपल्या देवनागरीचा यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे लिहायच्या पद्धतीत) एकूण एक बाइट १२७ च्या वर! म्हणजे डिस्क एका मशीनवरून दुसऱ्यावर नेली की इंडेक्सवाल्या डिरेक्टरीत 'हिशोब' नावाची फाइल यादीत दिसणार पण उघडायला गेलं तर नाही म्हणणार. २००८ मधे सुपरब्लॉकमधेच हॅश साइन्ड की अनसाइन्ड ते लिहून ठेवायची सोय झाली तेव्हा ते मिटलं. आमच्या टेस्टमधे आता एक डिरेक्टरी पूर्ण मराठी नावांची आहे, त्याचं श्रेय तुम्हाला.

पॅचचा पुढचा व्हर्जन या आठवड्यात पाठवतोय. टेस्टमधे क्रॅश करून तीच इमेज जुन्या कर्नलला, जुन्या एफएससीकेला आणि बूटलोडरला (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला), तिघांनाही लावून बघतो, बूटलोडरचा ईएक्सटी वाचायचा स्वतःचा वेगळा कोड असतो हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. बिट नंबर आम्ही मनाने उचललेला नाही, मेंटेनरना (हा कोड सांभाळणाऱ्यांना) मेल टाकून राखून मागितलाय, उत्तर आलं की कळवतो. फक्त यादीच्या ब्लॉकच्या चेकसममधे ब्लॉक नंबर धरावा की नाही यावर अजून आमचं ठरत नाहीये, वेळ मिळाला तर तेवढं बघाल का, घाई नाही.

तुमचा,
ऑफिसमधे ज्याला तुम्ही 'जर्नलवाला' म्हणता तो