जेलरकाकांची पंगत

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

माघी गणपतीला तू आला नाहीस. पंगत उठल्यावर जेलरकाका बोलायला उभे राहिले, तेव्हा तुझी फार आठवण झाली. निवृत्त होऊन गावी आल्यापासून देवळात जेवण असलं की शेवटी त्यांचं बोलणं ठरलेलंच. पोरंसुद्धा पेंगत नाहीत.

या वेळी गिनतीची गोष्ट सांगितली. संध्याकाळी बराकी बंद करताना कैदी मोजतात. एक जरी कमी भरला तरी अधिकाऱ्याला घाम फुटतो. "मला मात्र एका रात्री एक जास्त झाला," काका म्हणाले. श्रावणातला पाऊस, दरड कोसळून घाट बंद, एसटी रद्द. सकाळी सुटलेला कैदी रात्री भिजत पुन्हा फाटकाशी हजर. "साहेब, रात्रीपुरतं आत घ्या, माझी जागा रिकामीच असेल." काका म्हणाले, "अरे, आत यायला कोर्टाचं वॉरंट लागतं. तुझ्याकडे सुटकेचा कागद आहे!" तर तो म्हणतो कसा, "मग समोरची खिडकी फोडू काय?"

मांडवात नुसता हशा! काकांनी त्याला आपल्याच क्वार्टरच्या पडवीत झोपवलं. सकाळी काकींनी पेज वाढली आणि पहिल्या एसटीत बसवून दिलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "गुन्हा काय होता त्याचा?"

काका क्षणभर थांबले. "शिक्षा भोगून झाली होती," म्हणाले, आणि पुढे बोलू लागले. आजवर त्यांनी एकाही कैद्याचं नाव, गाव सांगितलेलं नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मग आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरविषयी बोलले. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे खुली वसाहत केली. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. "भिंतीपेक्षा घरची माणसं जास्त धरून ठेवतात," असं म्हणताना त्यांचा आवाज जरा बदलला.

आता खरं ते लिहितो. तुझा दादा पंगतीच्या रात्री देवळातच होता. सुटून आल्यापासून तो देवळाच्या पायरीपलीकडे येत नव्हता, कोणी बोलावतही नव्हतं. त्यात मीही होतो, याचं मला वाईट वाटतं. काकांनी दुपारीच त्याच्या हातात सोलकढीचं भांडं दिलं होतं. रात्री त्याने सगळ्या पंगतीला वाढलं. खिडकीच्या गोष्टीला तो खांबाला टेकून इतका हसला की डोळे पुसावे लागले. माझ्या वाटीत त्याने दोनदा वाढलं.

शिमग्याला ये. पालखी तुमच्या दारी येईल तेव्हा दादाच्या शेजारी तू उभा असायला हवास.

तुझा मित्र