फॅरडेला तिकिटं कुणी दिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'सतत शिका, स्वतःची वाट स्वतः घडवा' हा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडला म्हणून आणि दुसऱ्यांदा राग आला म्हणून. विजेवर संशोधन करणाऱ्या मायकेल फॅरडेबद्दल लेखकमहाशय लिहितात, 'बुकबाइंडरकडचा पोरगा केवळ जिद्दीच्या बळावर शास्त्रज्ञ झाला.' केवळ? लंडनमध्ये टॅटम नावाच्या गृहस्थांच्या विज्ञानावरच्या व्याख्यानांना दर खेपेस एक शिलिंग पडे आणि त्यातल्या बऱ्याच व्याख्यानांचे पैसे थोरल्या भावाने, रॉबर्टने दिले होते. १८१२ साली नामवंत रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दुकानात येणाऱ्या डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने दिली. फॅरडेने त्या व्याख्यानांची टिपणं काढून, बांधून डेव्हींकडे पाठवली, ही जिद्द खरीच. पण डेव्हींनी आधी त्याला पुस्तकबांधणीच सोडू नकोस असा सल्ला दिला होता. १८१३ मध्ये डेव्हींच्या प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकलं, तेव्हा कुठे फॅरडेसाठी जागा रिकामी झाली. रॉबर्ट, डान्स आणि ती मारामारी, तिन्ही तुमच्या लेखातून गायब. चौकटीत मात्र 'यशाचे पाच मंत्र' ठळक टायपात!

हे इतकं झोंबलं, कारण मी ती 'स्वतःची वाट' चालून बसले आहे. इतिहासात बी.ए., मग टायपिस्ट, मग छापखान्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं साठवायची एकच सामायिक पद्धत, आल्यावर जुन्या फाँटमधला मजकूर नव्यात आणायचं काम गळ्यात पडलं, म्हणून प्रोग्रॅमिंग शिकले. कुठल्या ध्यासाने वगैरे नाही, हाताने दुरुस्त्या करून मान आखडली होती म्हणून. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. 'किती' सहज बदलतं, पण 'स्थिती' आली की वेलांटीने एक अक्षर ओलांडायचं की अख्खं जोडाक्षर, हे यंत्राला शिकवावं लागतं. ते शिकवायला मला दोन वर्षं लागली, रोज काम संपल्यावर. छापखान्याच्या मालकांनी रात्री बसायला किल्ली दिली नसती, तर दहा वर्षंही लागली असती. नोकरी मी एक दिवसही सोडली नाही. 'राजीनामा फेका आणि झेप घ्या' म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुढे एका संस्थेला नेमकं हेच काम करणारं माणूस हवं होतं. त्यांच्या अर्जात पदवीच्या रकान्यात यादीतूनच निवडायचं होतं. इतिहास यादीत नव्हता, म्हणून मी 'इतर' निवडलं. मुलाखतीला तिघे होते. मी सोबत नेलेल्या नमुन्याच्या पानांकडे एकानेही पाहिलं नाही. मधल्यांनी माझा बायोडाटा वर-खाली पाहिला आणि विचारलं, "बाई, तुमचं नक्की क्षेत्र कोणतं? कशातच फार रमलेल्या दिसत नाही." मी म्हटलं, गेली वीस वर्षं मराठी अक्षरांतच आहे, हत्यारं तेवढी बदलली. "हे प्रोग्रॅमिंग कुठून केलंत?" "चुका दुरुस्त करता करता." तिघेही हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्या जागी कॉम्प्युटरचा पदवीधर मुलगा लागला. तीन महिन्यांनी त्याचाच फोन आला, 'स्थिती'साठी. तासभर समजावून सांगितलं. मुलगा गुणी होता, त्याने रीतसर आभारही मानले. त्याच्यावर माझा काडीचा राग नाही.

तेव्हा 'वेगळी वाट' धरणाऱ्यांना धडे जरूर द्या, पण एखादा लेख त्या रकान्यावरही येऊ द्या. शिकायला आम्ही तयारच असतो हो. शिकलेलं बघायला कोण तयार आहे? ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं माझ्याकडेही चार आहेत. पाचवं अर्धवट राहिलं, कारण ते कंटाळवाणं होतं. असं कबूल करायची सोय तुमच्या पाच मंत्रांत दिसत नाही.

जाता जाता. आपल्या संकेतस्थळावरच्या जुन्या लेखांत 'परिस्िथती' आणि 'व्यक्ितमत्त्व' असं दिसतं. कालच्या लेखाखाली 'हेही वाचा' म्हणून जोडलेला व्यक्तिमत्त्व विकासावरचा जुना लेख तर शीर्षकापासूनच मोडलेला आहे. दोनदा कळवलं. दोन्ही खेपेस 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं उत्तर आलं. संबंधित विभागाला माझा नंबर खुशाल द्यावा. तासभर समजावून सांगेन. मात्र या खेपेला पैसे घेईन.

आपली,
'इतर' रकान्यातली एक वाचक