फादर, तुम्ही सोबत चाललात म्हणून

आदरणीय फादर,

रामराम. तुमची बदली झाल्याचं मला कळलं तोवर तुम्ही घाट उतरून गेला होता. समोर बसून बोलायचं राहिलं, म्हणून हे चारचौघांत लिहितो.

मी तुमच्या चर्चचा नाही. आमचं गवळ्याचं घर. म्हशी आणि खवा, त्यावरच सगळं चालतं. पण ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी तुम्ही चिखलदऱ्याकडून खालच्या गावांत निघायचे, ती पायवाट आमच्या गोठ्यावरूनच जायची. खांद्यावर कापडी पिशवी, तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पांढरा झगा आणि जांभळा पट्टा, हातात बांबूची काठी. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला दिवसातून एकच पोटभर जेवण, आणि साठीनंतर त्यातूनही सूट, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. तुम्ही सत्तरीला टेकलेले, तरी ती सूट कधी घेतली नाही. मला तेव्हा तुमची काळजीच वाटायची.

२०२४ ची गोष्ट. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी मी खवा पोचवायला आलो आणि दाराशीच थांबलो. तुम्ही बायबलमधला यशया संदेष्ट्याचा उतारा समजावत होता. भुकेल्याला भाकर द्या, उघड्याला कपडा द्या, आणि आपल्याच रक्ताच्या माणसापासून तोंड लपवू नका, हाच देवाला आवडणारा उपवास. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. पण अकरा वर्षं मी दादाशी बोललो नव्हतो. शेताच्या दोन हात रुंदीच्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी! ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि महिनाभर कुणाला बोललो नाही, फक्त एकदा तुम्हाला.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार आणि होळी एकाच दिवशी आली, २४ मार्चला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून तुम्ही गोठ्याशी आले. म्हणाले, "चाल, मला पलीकडच्या गावात जायचं आहे. सोबत ये." पलीकडचं गाव म्हणजे दादाचं गाव. मला कळलं होतं, तरी आलो.

दरी उतरताना मोहाच्या झाडांखाली फुलं वेचणाऱ्या बायांशी तुम्ही त्यांच्या कोरकू भाषेत बोलत होते. माझ्याशी एक शब्द नाही. मी मनात भांडणाचा हिशेब मांडत होतो, कोण काय बोललं, कुणी आधी दगड सरकवला. चढ लागला तसा दम लागला आणि हिशेब सुटत गेला. तुम्ही दर वळणावर काठी टेकून उभे राहायचे. थकलात म्हणून की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही.

दादा अंगणात होता. मला पाहून तो आत गेला. मला वाटलं, संपलं. तो पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आला. आधी तुम्हाला दिला, मग मला. मी लोटा धरला तरी त्यानं बुडाखालचा हात काढला नाही. पाणी पिऊन होईपर्यंत तसाच धरून उभा होता. वहिनी दाराआड रडत होती.

तुम्ही तिथं ना प्रवचन केलं, ना मिटवामिटवी. चहा घेतला आणि "अंधाराआधी पोचतो" म्हणून एकटे परत निघाले. मी त्या रात्री दादाच्या गावच्या होळीला राहिलो. धुरा पुढे आम्ही दोघांनीच दोरीनं मोजला.

फादर, तुमचे फार फार आभार. यंदा होळीला दादा आमच्याकडे येतो आहे. जमलं तर तुम्हीही या. परतवाड्याहून एसटी आहे, पुढे चालायला मी थांब्यावर उभा राहीन.

तुमचा,
गोठ्यावरचा गवळी