‘मिश्र’ या शेऱ्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

उत्खननाचा उन्हाळी हंगाम संपून दोन महिने होऊन गेले. निघण्याच्या दिवशी चर बुजवण्याची घाई होती, सामानाच्या पेट्या मोजून गाडीत चढवायच्या होत्या आणि आपण यादी हातात घेऊन उभ्या होतात, त्यामुळे ‘येतो, मॅडम’ एवढेच म्हणून मी निघालो. त्या दिवशी बोलायचे राहून गेले ते आता लिहून कळवतो आहे. पत्र उघड लिहिण्याचे कारण असे की, पुढच्या हंगामात स्वयंसेवक म्हणून जाण्याचा विचार करणाऱ्या कोणाच्या नजरेस ते पडले, तर तिथे आपल्याकडून नेमके कोणते काम अपेक्षित असते याचा त्यांना थोडा अंदाज येईल. आपले आणि स्थळाचे नाव मी मुद्दामच घातलेले नाही. अर्धवट खणलेल्या जागेचा पत्ता चारचौघांत सांगू नये, रात्री कुदळी घेऊन येणाऱ्यांच्याही कानावर तो जातो, हे आपणच पहिल्या दिवशी बजावले होते.

मी सेवानिवृत्त माणूस. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. चमूत माझ्याखेरीज बहुतेक सगळे विद्यार्थी होते आणि ते मला काका म्हणत. आपण माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, तरीही आपल्या हाताखाली काम करताना मला एकदाही अवघडल्यासारखे झाले नाही, याचे श्रेय आपल्या वागण्याला आहे. येताना माझी हौस एवढीच होती की, एखादे नाणे, एखादा मणी, गेलाबाजार एखादे सबंध मडके तरी आपल्या हाताने वर काढावे. आपण पहिले चार दिवस मला फक्त माती खरवडायला लावली. थापीच्या टोकाने उकरायचे नाही, तिची धार मातीला जवळजवळ आडवी लावून आपल्याकडे ओढायची. साफ झालेल्या भागावर पुन्हा गुडघा टेकायचा नाही, म्हणून मागे मागे सरकत जायचे. घमेले चाळणीकडे नेण्यापूर्वी ते कोणत्या थराचे आहे हे मोठ्याने सांगायचे. चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या नावावर सात-आठ बोटभर खापरे, एक गारगोटी आणि दुखरी कंबर एवढीच जमा होती.

माती ओळखायला आपण ज्या तऱ्हेने शिकवले, ते मात्र मी जन्मभर विसरणार नाही. चिमूटभर माती ओली करून बोटांत वळायची. तिची वळी न तुटता झाली तर चिकणमातीचा अंश जास्त, आणि कानाशी नेऊन चोळल्यावर कुरकुरली तर वाळूचा. रंगाच्या रकान्यात मी ‘तपकिरी’ असे लिहून मोकळा झालो होतो. आपण मुन्सेलची रंगपुस्तिका पुढे केली, मातीचा खडा तिच्यातील चौकोनांशी एकेक करून ताडून पाहायला लावला आणि ‘१० वायआर ३/२’ अशी नोंद करवून घेतली. शिवाय माती ओली असताना पाहिली की कोरडी, हेही लिहायला सांगितले, कारण ओलीबरोबर रंग गडद होतो. सापडलेला तुकडा हाड आहे की दगड असा संशय आला तर तो जिभेला लावून पाहावा, हाड सच्छिद्र असल्यामुळे जिभेला चिकटते, हे ऐकून तर आपण नवख्या माणसाची चेष्टा करत आहात असेच मला वाटले होते. (ते खरे निघाले, पण ही परीक्षा मी पुन्हा स्वतःहून करीन असे वाटत नाही.)

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे त्या दिवसाकडे येतो. दुसऱ्या आठवड्यात आपण मला चराच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात बसवले होते. तिथे पिवळ्या मातीची चोपून केलेली भुई लागली होती आणि तिला थर १४ असा क्रमांक दिलेला होता. सकाळभर माझी थापी त्या भुईवर टणटण वाजत होती. दुपारनंतर एका जागी माती एकाएकी हलकी लागू लागली, थापी सहज आत जाऊ लागली, रंगही जरा राखट वाटला. तिथेच थांबून आपल्याला हाक मारायला हवी होती. मला मात्र एवढाच आनंद झाला की काम भराभर उरकते आहे, आणि दोन घमेली माती मी तशीच उपसली. त्यातली खापरे मी थर १४ ची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत, सकाळच्या खापरांबरोबरच टाकली.

संध्याकाळी धुतलेली खापरे पसरून आपण निवडायला बसलात, तेव्हा जाड, खरबरीत, हाताने घडवलेल्या खापरांच्या गर्दीत एक पातळ तुकडा आपल्या हाताला लागला. त्याच्या आतल्या बाजूला चाकावर फिरताना उमटणाऱ्या बारीक समांतर रेषा होत्या. आपण तो माझ्यापुढे धरलात आणि रागाचा लवलेशही न आणता विचारलेत, “काका, हा कुठला?” फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० मध्ये पॅलेस्टाइनमधील तेल एल-हेसीच्या उत्खननात साध्या खापरांच्या बदलत्या घडणीवरून थरांचा काळ लावता येतो हे दाखवून दिले, तेव्हापासून फुटक्या मडक्याला पुरातत्त्वात एवढे महत्त्व का आले, हे आपण आधी सांगितले होते, पण त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. थराचे वय त्यातल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून ठरते. त्या पिशवीतला तो एकच तुकडा खरा मानला असता, तर ती भुई होती त्याहून कितीतरी नंतरची ठरली असती, आणि तिच्यावर ज्यांच्या चुली पेटल्या ती माणसे आमच्या अहवालात भलत्याच काळात जाऊन बसली असती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आपण मला चरात घेऊन गेलात. दोन चरांच्या मध्ये न खणता राखलेल्या मातीच्या उभ्या भिंतीला सगळे ‘बाल्क’ म्हणत. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रूढ केलेल्या चौकटींच्या पद्धतीत ती कशासाठी ठेवतात, हे मी पाठ केले होते. पण ती जाण्यायेण्याची वाट आहे असेच खरे म्हणजे मी धरून चाललो होतो. आपण तिचा उभा छेद थापीने तासून स्वच्छ केलात, पिचकारीने त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारलात आणि मला समोर बसवून म्हणालात, “आता नुसते पाहत राहा.” प्रथम सगळीच भिंत एकसारखी काळपट ओली दिसत होती. पाच-सात मिनिटांत पिवळी भुई सुकून उजळू लागली, आणि तिच्या मधोमध वाटीच्या आकाराचा एक पट्टा मात्र ओला, काळसरच राहिला. त्या पट्ट्याची कड भुईला कापत खाली गेलेली होती, आणि वर ती जिथून सुरू होत होती ती जागा भुईच्या वीतभर वर होती. म्हणजे भुई वापरातून गेल्यानंतर, तिच्यावर माती साचल्यानंतर, कोणीतरी तिथे खड्डा घेतला होता आणि पुढे तो राखेने, केरकचऱ्याने भरला होता. मी उपसली होती ती त्या भरावाची माती. खड्ड्याचा अर्धा भाग माझ्या दोन घमेल्यांत गेला होता. उरलेला अर्धा केवळ ती भिंत राखलेली होती म्हणून शिल्लक होता.

मग आपण खड्ड्यातल्या भरावाला २१ हा क्रमांक दिलात आणि खड्डा खणण्याच्या क्रियेला वेगळा, २२. जिथे काहीच नाही अशा पोकळीच्या कडेला क्रमांक कशाला, असे मी विचारले. कोणीतरी खणले ही एक घटना, नंतर ते भरले ही दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये कदाचित एक दिवस गेला असेल, कदाचित एक पिढी, असे आपले उत्तर होते. एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे चौकोन काढून आपण दाखवलेत: सर्वांत वर २१, त्याच्या खाली २२, आणि २२ ने कापलेली १४. हिशेबात पैसे मिळाल्याची आणि दिल्याची नोंद स्वतंत्र ठेवण्यात माझी हयात गेली. तरी न दिसणाऱ्या गोष्टीलाही तिचा रकाना द्यावा लागतो, हे मला त्या खड्ड्याशी बसून नव्याने समजले.

इथे एक कबुली द्यायला हवी. आदल्या रात्री, सगळे झोपायला गेल्यावर, मी त्या पिशवीपाशी जाऊन आलो होतो. तो एक तुकडा बाजूला टाकला, तर पिशवी पुन्हा निर्मळ दिसेल आणि कोणाचे काही बिघडणार नाही, असा विचार माझ्या मनात आला होता. जमाखर्चाच्या वहीत खाडाखोड करणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षे शेरे मारले, आणि स्वतःची पाळी येताच मलाही पहिले तेच सुचले. तुकडा उचलून मुठीत धरला होता. परत ठेवला तो आपण सकाळी तो पुन्हा मागाल या भीतीने, सचोटीने नव्हे. आपल्याला हे तेव्हा ठाऊक नव्हते, कदाचित अंदाज असेलही.

पिशवीचे आपण काय केलेत, हे म्हणूनच मला इतके लागून राहिले. तो तुकडा आपण काढला नाही, आणि इतर खापरे आकारावरून अंदाजाने १४ व २१ मध्ये वाटूनही टाकली नाहीत. जुन्या चिठ्ठीवर एकच आडवी रेघ मारून ती वाचता येईल अशी तशीच ठेवलीत, नवी चिठ्ठी जोडून तिच्यावर ‘१४ व २१, मिश्र’ असा शेरा लिहिलात, आणि चराची नोंदवही माझ्यापुढे सरकवून झाला प्रकार माझ्याच हस्ताक्षरात लिहायला सांगितलेत. मी ‘अनवधानाने’ असा शब्द घातला होता. तो आपण काढायला लावलात, कारण माझे अवधान कुठे होते याच्याशी वाचणाऱ्याला कर्तव्य नाही, त्याला किती माती, कुठून कुठपर्यंत आणि कोणत्या पिशवीत गेली एवढेच हवे असते. त्यावर वेळ, तारीख आणि माझी सही.

त्या दिवशी दुपारच्या सुटीत आपण ट्रॉयची हकिगत सांगितलीत. हाइनरिश श्लीमान यांनी १८७१ ते १८७३ या काळात तुर्कस्तानातील हिसारलिकच्या टेकडीतून आरपार मोठा चर नेला, खालची नगरी गाठण्याच्या घाईत वरचे थर उपसून टाकले, आणि १८७३ मध्ये मिळालेले सोने होमरच्या महाकाव्यातील ट्रॉयच्या प्रायम राजाचे म्हणून जाहीर केले. पुढे ते सोने ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून सुमारे हजार वर्षांनी जुने ठरले, आणि ज्या थरांत त्या काळाच्या खुणा असण्याचा संभव होता, त्यांचा बराच भाग त्याच चरात गेलेला होता. माझी दोन घमेली आणि श्लीमान यांचा चर यांची तुलना करण्याचा आपला हेतू नव्हता, हे मी जाणतो. पण उत्खननात प्रत्येक थर एकदाच उलगडता येतो, आणि उलगडला की तो कागदावर जेवढा उतरला तेवढाच उरतो, हे मला त्या हकिगतीने पटले.

बाकीच्या आठवणी पुष्कळ आहेत. त्यांची उजळणी आपला वेळ न घेता थोडक्यात करतो. कोळशाचा कण बोटाने उचलायचा नाही, थापीच्या टोकावर घेऊन थेट फॉइलमध्ये बांधायचा, कारण विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केलेली कार्बनची कालमापन पद्धत आता कणभर नमुन्यावर चालते आणि हाताचे तेलही तिला बाधते, हे आपण न कंटाळता दर वेळी सांगितलेत. आत काळा थर चिकटलेली खापरे मी धुवायला घेतली होती, ती आपण वेळीच हातातून काढून घेतलीत. त्या थरात शिजवलेल्या अन्नाचे अंश टिकून राहतात, हे मला ठाऊक नव्हते. उन्हाने मला भोवळ आली त्या दिवशी आपण मला सावलीत खापरांवर क्रमांक घालण्याचे काम दिलेत आणि त्याबद्दल कोणालाही बोलू दिले नाहीत. त्या कामात माझे अक्षर उपयोगी पडले, याचा मला अजून अभिमान वाटतो. नाणे किंवा मणी अखेरपर्यंत सापडला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याची आठवणही राहिली नव्हती.

या सर्वांबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे, आणि त्या ‘मिश्र’ या शेऱ्याबद्दल विशेष आभारी आहे. चूक झाकली असती तर मी तिच्याविषयी आज लिहू शकलो नसतो. चारचौघांत झापले असते तर मी दुसऱ्याच दिवशी घरी परतलो असतो.

एक काम मात्र राहिले आहे. हे पत्र लिहिण्यासाठी मी माझी खासगी टिपणवही काढली, तेव्हा लक्षात आले की चराच्या नोंदवहीतील त्या दिवशीच्या नोंदीत, मिश्र पिशवीतली माती जिथून उपसायला सुरुवात केली त्या जागेची खोली मी ६२ सेंटिमीटर अशी लिहिली आहे. ती मी चराच्या काठापासून मोजली होती. पक्क्या संदर्भबिंदूपासून मोजायला हवी होती. त्याच दिवशीच्या माझ्या रेखाटनात तो काठ संदर्भबिंदूच्या १८ सेंटिमीटर खाली दाखवलेला आहे, तेव्हा योग्य आकडा ८० येतो. त्या पिशवीच्या खोलीची दुसरी कोणतीही नोंद नसल्यामुळे ही दुरुस्ती व्हायला हवी. कृपया मूळ आकडा खोडू नये. त्यावर आडवी रेघ मारून शेजारी ८० लिहावे, दुरुस्ती माझ्या या पत्रावरून केली असे नमूद करावे आणि ज्या दिवशी कराल त्या दिवसाची तारीख घालावी. रेखाटनाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला नम्र,
चर क्रमांक चारमधील काका