गोळीबंद

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
१२ डिसेंबर, गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शैले,

आधी शिव्या घालून घे. आठ महिने झाले, तुझ्या एवढ्या मोठाल्या मेसेजना मी नुसते अंगठे पाठवले. फोन करता आला असता, पण जे सांगायचंय ते फोनवर काढलं की तू मधेच फिसकन हसणार आणि मी विषय बदलणार, हे दोघींनाही ठाऊक आहे. म्हणून कागद. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. सुधीरची साखर थोडी वर आहे, ती का वर आहे ते पुढे येईलच.

शैले, मी पुन्हा पेढे-प्रकरण केलंय. या वयात. आणि या खेपेला दारात उभी राहायला तू नाहीस.

समोरच्या आजी आठवतात ना? तू आली होतीस तेव्हा बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकलं नाही म्हणून तुला झापलं होतं त्या. आता शहाऐंशीच्या आहेत. झापणं तसंच आहे. इथे नाताळात गल्लीत एकमेकांकडे काहीतरी गोड पाठवायची पद्धत आहे. आपल्या फराळाच्या ताटासारखंच, फक्त वर क्रोशाच्या रुमालाऐवजी लाल फीत. पहिल्या वर्षी मी हौसेने चकल्या पाठवल्या. आजींनी त्या दोऱ्यात ओवून झाडाला टांगल्या. दिसत छान होत्या, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या वर्षी म्हटलं, यांचंच काहीतरी करू. इथे नाताळ म्हणजे फज, म्हणजे चॉकलेटची वडीच म्हण, निदान आमच्या मिशिगनात तरी. मग मी सोपी वाट धरली. तुला कृतीच सांगते, म्हणजे गुन्हा केवढा ते कळेल. कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास. दीड कप चॉकलेटचे दाणे. चमचाभर लोणी, मिठाची चिमूट. मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-अर्धा मिनिट ठेवायचं, मधे मधे ढवळायचं. दाणे विरघळले की व्हॅनिला आणि अक्रोड घालून पावाच्या छोट्या साच्यात कागद लावून ओतायचं आणि दोन तास फ्रिजमध्ये. झालं. पाक नाही, घोटणं नाही, तूप सुटायची वाट बघणं नाही. दोन घरांना पुरतं. उरलेला अर्धा डबा चमच्याने खायचा. (होस्टेलवर मिल्कमेडच्या डब्याला खिळ्याने दोन भोकं पाडून तू आधी प्यायचीस आणि 'संपत आलंय गं' म्हणून मला द्यायचीस. मी विसरलेले नाही.)

आजींना ते फज इतकं आवडलं की डबी परत द्यायला स्वतः आल्या. आणि म्हणाल्या, "किती घोटलं असशील! हात भरून आला असेल तुझा." शैले, मी नुसतं 'नाही हो' म्हणायला हवं होतं. मी काय केलं, तर हसले आणि उजवा दंड चोळला.

बोलले काहीच नाही. नुसता दंड चोळला. आणि तेव्हापासून पाच वर्षं, दर डिसेंबरात, डबी देताना मी तो दंड चोळते आहे.

यात खोटं काय, असं सुधीर म्हणतो. घरीच केलं ना, म्हणतो. त्याला काय कळणार. तो त्या वर्षीच्या गॅदरिंगला नव्हता. पेढेही आपण घरीच कुस्करले होते की! अर्धा किलो कंदी पेढे, वर दुधाचा हबका, वेलदोड्याचा मारा, ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या कापून 'खव्याच्या खरपूस वड्या'. साताऱ्यात, शैले! जिथे पाळण्यातलं पोरही कंदी पेढा वासावरून ओळखेल, तिथे आपण त्या परीक्षकांपुढे ठेवल्या. आणि पहिला नंबर आला. आपल्या खऱ्या वड्या रात्री दोन वाजता वातीच्या स्टोव्हवर करपल्या नसत्या तर उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नसतं.

असो. आजींचं ऐक. यंदा थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, चर्चच्या नाताळ बाजारासाठी मला तुझ्याबरोबर फज करायचंय. माझ्या मनगटात आता जोर नाही, घोटायचं तू, बघायचं मी. शनिवारी, तुझ्या स्वयंपाकघरात. मी हो म्हटलं. नाही कशी म्हणणार? आणि मग चहा पिता पिता त्यांनी सहज सांगितलं की १९५६ आणि ५७ च्या उन्हाळ्यात त्या मॅकिनॉ बेटावर फजच्या दुकानात कामाला होत्या.

मॅकिनॉ म्हणजे आपण तुला न्यायचं ठरवलं होतं आणि तुझ्या त्या कॉन्फरन्सने घोळ घातला, ते. (स्पेलिंगमध्ये शेवटी सी आहे, तो खाऊन टाकतात.) १८९८ पासून तिथे मोटारगाड्यांना बंदी, नुसते घोडे आणि सायकली. बेटाला वास दोनच, लिदीचा आणि फजचा. दुकानात तांब्याच्या मोठ्या कढईतला उकळता ऐवज संगमरवरी ओट्यावर ओततात आणि लांब दांड्याच्या उलथन्याने गोल फिरत फिरत घोटून त्याची जाडजूड लादी वळतात. १८८० च्या दशकापासून हे चाललंय. वास रस्त्यावर जावा म्हणून पंखे लावतात. तिथे येणाऱ्या टुरिस्टांना गावकरी 'फजी' म्हणतात. आणि आमच्या आजी त्या ओट्याच्या आतल्या बाजूला उभ्या असायच्या.

आता माझी झोप का उडाली ते कळलं? अगं, त्यांना माहीत असणार! खऱ्या फजचा तुकडा आधी टचकन तुटतो आणि मग जिभेवर विरतो, त्यात साखरेचे अगदी बारीक कण असतात. माझं फज तुटतच नाही, वाकतं. बोटाने दाबलं तर ठसा उमटतो. जिने दोन उन्हाळे त्या ओट्यापाशी काढले तिला हे पाच वर्षं कळलं नाही? मग ती दर वर्षी 'हात भरून आला असेल' का म्हणते? चिडवते? वाट बघते? का खरंच जिभेची चव गेलीय म्हातारीची? रेक्टरबाईंनीही बक्षीस समारंभात हसत टाळ्या वाजवल्या होत्या, आठव. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं.

तर शनिवारच्या आधी खरं फज शिकायचं ठरवलं. सोमवारपासून रोज रात्री एक घाणा. छोटाच: दोन कप साखर, पाऊण कप दूध, कडू चॉकलेटच्या दोन वड्या, दोन चमचे लोणी. म्हटलं, साखरेचा पाकच ना शेवटी, आपण काय नवशिक्या आहोत? पाक साखरू नये म्हणून आपण काय करतो? लिंबू पिळतो. मी पिळलं. दुधात! वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेली बाई मी, दुधात लिंबू पिळून 'हे फाटलं कसं' म्हणून बघत बसले. सुधीरने त्याला चॉकलेटी कलाकंद म्हणून वाटीभर खाल्लं. त्याच्या साखरेची सुरुवात इथून.

मंगळवारचं रवाळ झालं, वाळू खाल्ल्यासारखं कचकचलं. सगळं चुकतं ते इथेच. पाक ११४ अंशांवर गेला की गॅस बंद करायचा, लोणी वर टाकून द्यायचं आणि मग हात लावायचा नाही. अजिबात नाही. पातेलं हलवायचंसुद्धा नाही. कोमट होईतो, ४३ अंशांपर्यंत, तासभर नुसतं बघायचं. गरम असताना चमचा फिरवलास तर मोठे मोठे दाणे धरतात. कडेला चिकटलेला साखरेचा एक कण आत पडला तरी विरजणाच्या कवडीसारखा सगळं पातेलं कामाला लावतो. म्हणून उकळताना दोन मिनिटं झाकण ठेवायचं, वाफेने कडा धुऊन निघतात. थंड झाल्यावर मात्र थांबायचं नाही, घोटत सुटायचं, म्हणजे सगळे कण एकदम धरतात आणि बारीकच राहतात. न ढवळता तासभर बसायचं म्हणजे काय शिक्षा आहे, तुला कळेल. माझ्या हातात चमचा असला की मी झोपेतही ढवळते.

काल थर्मामीटरच्या नादात पाक कच्चा राहिला. थिजलाच नाही, आइस्क्रीमवर ओतून सुधीरने संपवला. (हो, सांगितलं त्याला. ऐकतो कुठे.)

आणि मग आज मी ते थर्मामीटर खणात टाकलं. वाटीत गार पाणी घेतलं, पाकाचा थेंब सोडला, बोटांनी गोळा केला. मऊ गोळी झाली, पाण्याबाहेर काढली तर बोटावर हळूच बसली. गोळीबंद. अगं, तुझी आई आपल्याला होस्टेलवर सोडायला आली तेव्हा स्टेशनवर हेच तर सांगत होती, एकतारी, दोनतारी, गोळीबंद, आणि आपण दोघी तिच्या खांद्यावरून त्या एनसीसीच्या पोरांकडे बघत होतो. मग तासभर हात मांडीखाली घेऊन बसले, शब्दशः. मग घोटायला घेतलं. पाच मिनिटं नुसतं चमकत होतं, काचेसारखं. दहा मिनिटांनी चमचा जड झाला. दंड खरोखर भरून आला, शैले, आणि मी चोळला आणि एकटीच ओट्यापाशी हसले. मग एका क्षणी चकाकी गेली. जाते म्हणजे अशी जाते, आरशावर वाफ धरल्यासारखी. तेव्हाच ओतायचं, त्यापुढे अर्धं मिनिट गेलं की पातेल्यातच दगड होतो. मी ओतलं.

तुकडा टचकन तुटला.

म्हणजे शनिवारी मी करू शकते. पण मग प्रश्न उलटा झाला. शनिवारी खरं फज केलं की चव वेगळी येणार, आणि मग आधीची पाच वर्षं उघडी. बिघडवलं तरी उघडी. आधीच जाऊन सांगावं तर काय सांगू? 'आजी, मी दंड उगाच चोळत होते'? सुधीर म्हणतो, तू फार विचार करतेस, तिला सोबत हवीय. असेलही. पण मला सांगून टाकायचंय. आणि मला भीती त्यांच्या रागाची नाहीये. 'मला ठाऊक होतं गं' असं त्या म्हणतील, त्याची आहे.

फजचा इतिहास वाचत बसले होते परवा, तो तास काढायला. १८८८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजच्या एका मुलीने तिथल्या सीनियर लिलावासाठी ३० पौंड फज केलं. हे आज कळतं ते तिने लिहिलेल्या एका पत्रामुळे. आणि त्यात तिने सरळ लिहिलंय की ही कृती आपली नाही, मैत्रिणीच्या बाल्टिमोरच्या चुलतबहिणीकडची, १८८६ मध्ये तिथे ४० सेंटला पौंड विकत असत. एका ओळीत मोकळी झाली बाई. मला चाळीस वर्षं झाली.

कारण तेव्हा रेक्टरबाईंनी दोघींना बोलावलं होतं. मी न्हाणीघरात आहे असं तू सांगितलंस. मी खरंच न्हाणीघरात होते, पण कडी लावून, कोरडी. तुझं नाटकातलं काम गेलं. 'तू नुसती येऊन उभी राहिली असतीस तरी चाललं असतं,' असं तू बारशाच्या जेवणात म्हणालीस आणि मी उलट तुझ्यावरच चिडले, की अजून किती उकरणार. त्याबद्दल आज माफी मागते. भांडायचं असेल तर भांड, पण माफी राहू दे.

अक्षताची तारीख धरली का? मार्चमध्ये असेल तर मी येते, मे असेल तर सुधीर एकटा येईल, माझ्याने उन्हाळा होत नाही. काकूंचा मोतीबिंदू झाला ना? आणि पेटी शिकतेस म्हणे! भूपपर्यंत पोचलीस की कळव. बँक सुटल्यावर झोप येते का सकाळची? लिही सगळं, मी खरंच वाचते, अंगठ्यावर जाऊ नकोस.

माझा भाचा १८ ला पुण्याला येतोय, तो सिंहगड रोडला येऊन डबा देऊन जाईल. दोन्ही फज घातलीयत. लाल दोऱ्याची पुडी एक, हिरव्याची दुसरी. कुठली कुठली ते सांगत नाही. काकूंना आधी दे, त्या बरोबर ओळखतील. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, हिरवी कोरडी पडेल. अरे, सांगितलंच की.

आणि डबा नीट बघ. तेव्हा मी हरवला म्हणाले होते आणि रेक्टरबाईंना पंधरा रुपये तू भरलेस. तो माझ्या ट्रंकेच्या तळाशी होता, मग पुण्यात, मग इथे. इतकी वर्षं यात साखर ठेवते. झाकणावरचं 'प्रथम क्रमांक' अजून लागतं वाचायला, बोट फिरवलं की. पंधरा रुपयांचं व्याज किती होतं ते तू बँकेतली, तूच काढ. चक्रवाढ लावलीस तरी चालेल.

तुझी,
नंदा