ते ‘चाहते’ नव्हते, ठेकेदार होते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नामवंत नटांच्या कोल्हापूरच्या आठवणींवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यासोबतच्या छायाचित्रात केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पायरीवर एका थोर नटाशेजारी माझे दिवंगत वडील उभे आहेत आणि खाली ‘एका चाहत्यासमवेत’ असे छापले आहे. वडील त्यांचे चाहते होतेच, पण त्या दिवशी ते तेथे होते ते प्रयोगाचे ठेकेदार म्हणून.

निर्मात्याकडून तारीख मिळवणे, नाट्यगृहाचे भाडे आगाऊ भरणे, जाहिरात देणे आणि आठवडाभर तिकीटखिडकीत प्लॅन पुढ्यात घेऊन विकल्या गेलेल्या खुर्च्यांवर लाल पेन्सिलीने फुल्या मारणे हे त्यांचे काम. प्रयोग पडला तर तोटा त्यांचा. कलाकारांशी त्यांची मैत्री झाली ती या व्यवहारातून, आणि ती टिकली, कारण हिशेब त्यांनी कधी दुसऱ्या दिवसावर ढकलला नाही.

त्याच नटांचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. पुण्याहून येणारी नाटकाची बस वाटेत बंद पडली, रात्रीचे दहा वाजले, प्रेक्षक अस्वस्थ झाले. वडिलांनी रंगमंचावर जाऊन हात जोडले आणि खिडकीत बसून प्रत्येक तिकिटाचे पैसे परत केले; मी शेजारी बसून नोटा मोजून देत होते. मध्यरात्रीनंतर मंडळी पोहोचली आणि आमच्या घरी भाकरी-आमटी खायला बसली. पैसे परत केल्याचे कळताच त्या नटांनी स्वतःच्या खिशातून रक्कम काढून ताटाशेजारी ठेवली. वडिलांनी ती परत सरकवली आणि म्हणाले, “गाडी बंद पडली त्यात तुमचा काय दोष? पुढची तारीख तेवढी द्या.” त्या तारखेला ते आदल्या रात्रीच कोल्हापुरात येऊन राहिले होते. लेखात त्यांच्या कोल्हापूरप्रेमाचे इतके दाखले आहेत, मात्र ज्या माणसाच्या घरी ते उतरत, तो ‘एक चाहता’ झाला, याचे मला फार दुःख झाले.

आणखी एक सांगणे भाग आहे. ८ ऑगस्ट २०२४ रोजी नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या पॅलेस थिएटरपासूनचा इतिहास आपण छापलात. तो वाचताना मी रडले. परंतु त्यात गायक-नट होते, मल्ल होते, शेजारचे खासबाग कुस्ती मैदान होते. ज्या ठेकेदारांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे नाटके आणली, त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती. त्यांपैकी काही आजही शहरात आहेत. त्यांच्याकडे जुने प्लॅन आणि हिशेबाच्या वह्या आहेत. त्यांना कोणी तरी जाऊन भेटावे.

छायाचित्राखालील ओळीची दुरुस्ती पुढील रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती. वडिलांचे नाव सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर