आजीचं नाक झाकलं गेलंय

इंदूर

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

सराफ्याच्या खाऊगल्लीवरची तुझी कॉमिक स्ट्रिप मिळाली. दहीवड्याचा द्रोण हवेत उडतो आणि आजी घाईघाईने डोक्यावर पदर ओढते, हे झकास जमलंय. द्रोणामागच्या दोन वाकड्या रेघांनी तो गरगरत वर गेला हे लगेच कळतं. पण बेटा, बोलण्याच्या फुग्यांत इतका मजकूर कोंबलास की आजीचं नाकच झाकलं गेलं!

पेपरात पानं लावण्यात माझी हयात गेली, म्हणून हक्काने सांगतो. स्ट्रिपला वळण लावलं ते जागेने. 1896 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या पेपरांत चित्रकार आउटकॉल्टचा पिवळ्या झग्यातला पोरगा गाजत होता. त्याचं बोलणं झग्यावरच लिहिलेलं असे; फुगा मागाहून रुळला. पुढे 1950 साली अमेरिकेतच चित्रकार शुल्झचं 'पीनट्स' सात पेपरांत सुरू झालं, तेही जागा वाचवणारी स्ट्रिप म्हणून. चार सारख्या मापाच्या चौकटी. आडव्या लावा, एकाखाली एक लावा, नाहीतर दोनावर दोन. पान लावणाऱ्याची चंगळच! आमच्याकडे रात्री उशिरा जाहिरात आली की पहिली कुऱ्हाड स्ट्रिपवर पडायची, तेव्हा या सोयीची किंमत मला विचार. इतक्या लहान जागेत बारकावे टिकत नाहीत. शुल्झने मग पार्श्वभूमी जवळजवळ काढूनच टाकली. थोडं गवत, एखादी भिंत, आणि गोल डोक्याचा चार्ली ब्राउन.

रविवारच्या स्ट्रिपची तऱ्हा आणखी वेगळी. चौकटींची वरची ओळ अशी काढायची की संपादकाने ती उडवली तरी विनोद शाबूत राहावा. म्हणजे आपलंच चित्र वाया जाणार हे धरून चालायचं! चित्रकार वॉटरसन याला वैतागला आणि 1992 पासून 'केल्विन अँड हॉब्ज'साठी त्याने अखंड अर्धं पान मिळवलं. बरेच संपादक चिडले, पण तोवर त्याचं नाव झालं होतं. तुझं अजून व्हायचंय.

तेव्हा दुसऱ्या चौकटीतलं महागाईवरचं भाषण काढून टाक. तिथे आजी नुसती वर बघू दे. शेवटी तिच्या तोंडी घातलेलं 'आमच्या वेळी असं नव्हतं हो' हेही नको, पदर पुरेसा बोलतो. दहीवडेवाल्याची मिशी मात्र अजिबात बदलू नकोस.

मूळ कागद कुरियरने पाठव, मोबाइलवरचा फोटो नको. पेपरात छापतात त्या मापाला लहान करून मला अक्षरं वाचता येतात का ते बघायचंय.

तुझा,
बाबा